पाठीला पाठ लावलेले बॉक्स

ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात मी आयुष्यात पहिल्यांदा पाण्याशिवाय उभी राहिलेली भिंत पाहिली. तोवर वायरिंगची कामं करून मला तीस वर्षं होऊन गेली होती. हदगाव तालुक्यातल्या माझ्या गावच्या मातीच्या भिंती, नांदेडच्या विटांच्या, जुन्या सरकारी इमारतींच्या दीड हात जाड दगडी, सगळ्यांत मी हात घातलेला. भिंत म्हणजे छिन्नी-हातोड्यानं फोडायची, पाइप टाकायचा, बटणांसाठी लोखंडी बॉक्स बसवायचा आणि गवंड्याकडून वर सिमेंट फासून घ्यायचं, एवढं मला पाठ. ही भिंत मात्र टकटक केली की पोकळ वाजायची. मी तिला 'पुठ्ठ्याची भिंत' असं नाव ठेवलं. त्या नावाची लाज मला पुढं बरेच दिवस पुरली.

मी नांदेडच्या आयटीआयत वायरमनचा कोर्स केला. वर्गात मी एकटीच मुलगी. आमच्या वस्तीतल्या विहारात पहिला दिवा लागला, तेव्हा सगळे दिव्याकडं बघत होते आणि मी बटणाच्या पाटीमागं डोकं घालून बसले होते, असं आई सांगायची. ही आत काय आहे ते बघायची खोड पुढं पोटापाण्याला लागली.

पहिलं काम मिळालं लातूरला. लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्या भाड्याच्या घरांत भरायच्या. स्वयंपाकघरात टायपिस्ट, न्हाणीघरात फायलींचे गठ्ठे, माजघरात साहेब. आणि प्रत्येक साहेबाला टेबलावर शिपायाला बोलवायची घंटी पाहिजे. मी आठवड्याला दहा-दहा घंट्या बसवल्या. घंटीची तार बारीक, तिच्यात जोर नाही, शॉक बसत नाही. मग तिला बॉक्स कशाला आणि पाइप कशाला? भिंतीला आरपार भोक पाडायचं, तार ओवायची, वरून पांढरी पट्टी ठोकायची. आमच्यात याला 'बारीक काम' म्हणतात. घंटी, फोन, टीव्हीची तार, आता कॅमेरे. जीव जात नाही म्हणून बारीक कामाचा कुणाला धाक नसतो. मलाही नव्हता.

तर ते दवाखान्याचं काम. गावाचं नाव लिहीत नाही. लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, आणि कित्येक वर्षं ते गाव आपण आज ना उद्या जिल्हा होणार म्हणून वाट बघतंय. इकडचे लोक ओळखतील. तिथल्या एका डॉक्टर नवरा-बायकोनं जिल्हा होण्याच्या भरवशावर दोन मजली मोठा दवाखाना काढला होता. डॉक्टर हाडांचे, मॅडम बाळंतपणाच्या. खांब उभे राहिले, स्लॅब पडले आणि पाणी संपलं. गावाला नळ पंधरा दिवसांनी. टँकरवाल्यानं डॉक्टरांना तोंडावर सांगितलं, "साहेब, माणसाला पाणी मागा, भितीला मागू नका."

विटांची भिंत म्हणजे जोडायला पाणी, गिलाव्याला पाणी, आणि नंतर आठवडाभर तिला भिजवत राहायचं. म्हणून इंजिनियरनं सुचवलं की आतल्या भिंती कोरड्या करू. पातळ पोलादी पट्ट्यांचा सांगाडा उभा करायचा आणि त्याला दोन्ही बाजूंनी जिप्समच्या मोठ्या शीट स्क्रूनं ठोकायच्या. जिथं आगीची भीती, तिथं गुलाबी रंगाच्या खास शीट, एकावर एक दोन. अशी भिंत दोन तास आग अडवते, असं कागदावर लिहिलेलं होतं. वरच्या मजल्यावर इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांची खोली होती. तिची एक भिंत बाळंतिणींच्या वॉर्डाला लागून, दुसरी जिन्याकडं जाणाऱ्या पॅसेजला. या दोन भिंती गुलाबी.

भिंती करायला आला धर्माबादचा खाजाभाई. आखातात पंधरा वर्षं हॉटेलांच्या अशाच भिंती उभारून परतलेला, पन्नाशीचा, बुटका, तोंडात कायम बडीशेप. बोलणं कमी. माझी दोन माणसं बॉक्स बसवायची आणि हा मागं हात बांधून बघत राहायचा. तीन दिवस त्यानं बघून घेतलं. चौथ्या दिवशी मला म्हणाला, "ताई, हे काय केलात तुमी?"

"काय केलं?"

"भिंतीला भोक केलात. आरपार."

"भोक कुठंय? बॉक्स बसवलाय की तिथं."

"बॉक्स हाय. पन पाठीला पाठ. ह्या बाजूला एक, त्या बाजूला नेमका त्याच्याच मागं दुसरा. शीट दोन्हीकडून कापल्या. मधी काय राह्यलं? हवा. आग इकडून आली तर हा बॉक्स तापंल, मागचा तापंल, मंग झाला दरवाजा." मग नर्सला बोलवायच्या घंटीच्या जागेवर बोट ठेवून म्हणाला, "हितं तर बॉक्स बी न्हाई. नुस्ती चौकट, मागून उघडी."

"ती चोवीस व्होल्टची तार आहे, खाजाभाई. तिला कशाला बॉक्स?"

"तार चोवीसची हाय का दोनशे तीसची, आगीला काय मालूम?"

मला राग आला. मी म्हणाले, "तीस वर्षं हेच करून राहिले मी. कुठं काही झालं नाही."

"मान्य हाय ताई," तो शांतपणे म्हणाला. "विटेत चालतं. वीट भरीव असते. ही भीत पोकळ हाय."

पाठीला पाठ का लावतात, तेही सांगते. दोन खोल्यांना दोन बटणं द्यायची, तर एकाच जागी दोन्ही बॉक्स बसवले की एकाच पाइपात काम होतं. तार वाचते, वेळ वाचतो. चांगल्या वायरमनची ती हुशारीच समजली जाते. ती हुशारी मी माझ्या माणसांना शिकवलेली.

दुपारी जेवताना खाजाभाईनं मला शीटचा एक तुकडा दिला. म्हणाला, "ताई, याच्या पोटात पाणी हाय." मला वाटलं, चेष्टा करतोय. त्या गावात तेव्हा पाहुण्याला पाणी विचारताना माणसं मनात हिशेब करायची, आणि हा भिंतीत पाणी आहे म्हणतो. पण खोड कुठं जाते? मी लॉजवर राहत होते. खालच्या खानावळीतल्या बाईंना विनवून चूल मागितली. तुकड्यावरचा कागद सोलला, आतलं पांढरं कुटून कढईत टाकलं, वर झाकण ठेवलं. बाई म्हणाल्या, "ताई, हे खायाचं हाय का?" पाच-सात मिनिटांनी झाकण उचललं, तर आतल्या बाजूनं थेंब. चांगले टपटपीत. हाताला कोरडं ठणठणीत लागणारं ते पीठ, आणि त्यातून पाणी सुटत होतं. आम्ही दोघी झाकणाकडं बघत राहिलो. बाईंनी एक थेंब बोटावर घेतला, पण तोंडात घातला नाही.

दुसऱ्या दिवशी मी खाजाभाईला ते सांगितलं. तो पहिल्यांदा मोकळा हसला. म्हणाला, "म्हनून ही भीत जळत न्हाई. आग आधी ते पानी उडवत बसती. पानी हाय तवर पल्याडची बाजू फार तापत न्हाई. पन भोक असलं तर आग पान्याची वाट कशाला बगंल?" मग म्हणाला, "पटत नसंल तर जाळून बगू."

हे मात्र मला पटलं.

प्लॉटच्या मागं उरलेल्या विटांची तीन बाजूंची भट्टी रचली. चौथ्या बाजूला शेजारी-शेजारी दोन छोट्या भिंती, प्रत्येकी कमरेएवढ्या. दोन्हींना त्याच गुलाबी शीट, दोन-दोन. एकीत मी माझ्या पद्धतीनं पाठीला पाठ बॉक्स बसवले. दुसरीत खाजाभाईनं त्याच्या पद्धतीनं. दोन बॉक्स समोरासमोर नाहीत, मध्ये पोलादी पट्टी येईल असे दूर सरकवलेले. बॉक्सच्या पाठीला आणि चारी कडांना लाल, कणकेसारखी पुट्टी थापलेली. ती पुट्टी त्यानं हैदराबादहून मागवून ठेवली होती. आग लागली की ती फुगते आणि फट बुजवते. दोन्ही भिंतींच्या बाहेरच्या बॉक्समध्ये मी वर्तमानपत्राचे बोळे खोचले.

बघायला कोण कोण होतं? आम्ही दोघं, माझी माणसं, आणि गोदामावशी. गोदामावशी म्हणजे मॅडमच्या जुन्या दवाखान्यातली आया. वीस वर्षं बाळंतिणींची उस्तवार केलेली, काटक बाई, कपाळावर हिरवं गोंदण. मॅडम तिच्या हाती आम्हाला रोज चहा पाठवायच्या. किटली घेऊन ती आली आणि भट्टी बघून थांबली.

"काय भाजून राह्यलात?" तिनं विचारलं.

"भिंत," मी म्हणाले.

तिनं किटली खाली ठेवली आणि विटेवर बसली.

सेंट्रिंगच्या फळकुटांचा जाळ पेटला. आम्ही चहा ओतला. माझा कप अर्धाही झाला नव्हता, तेवढ्यात माझ्या भिंतीच्या उघड्या बॉक्समधून धुराचा बारीक धागा निघाला. मग धागा जाड झाला. कागदाचा बोळा तपकिरी झाला, काळा झाला आणि पेटला. त्या चौकोनी भोकातून जाळ दिसायला लागला. खाजाभाईनं माझ्याकडं बघितलं नाही, आणि त्याबद्दल मी त्याची कायमची ऋणी आहे.

दुसरी भिंत तशीच. अर्धा तास झाला. तिच्या कडेकडेनं वाफ निघायला लागली. गोदामावशी उठली, जवळ गेली. "भितीला घाम आला की," ती म्हणाली, आणि कुणी अडवायच्या आत तिनं भिंतीला तळहात लावला. दोन श्वास तसाच ठेवला. मग काढला आणि हाताकडं बघत म्हणाली, "तव्यावानी न्हाई. उनातल्या दगडावानी हाय." या भिंतीतला कागदाचा बोळा आम्ही नंतर काढून बघितला. त्यावरची अक्षरं वाचता येत होती.

त्या संध्याकाळी मी वर जाऊन मोजलं. वरच्या मजल्याच्या तारा बॅटरीच्या खोलीतूनच फुटायच्या, म्हणून दोन गुलाबी भिंतींत मिळून माझ्या बॉक्सच्या तेवीस जागा होत्या. नऊ वॉर्डाच्या भिंतीत, चौदा पॅसेजच्या. सगळ्या पाठीला पाठ, निम्म्याहून जास्त मागून उघड्या चौकटींच्या. वर रंगसुद्धा झालेला.

मी डॉक्टरांकडं गेले. मॅडमही तिथंच होत्या. मी सरळ सांगितलं, "साहेब, माझी चूक झाली आहे. भिंती उघडाव्या लागतील."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "हनमंतेताई, उद्घाटनाला बारा दिवस आहेत. पत्रिका वाटल्या. पाहुणे ठरले. आता रंगवलेल्या भिंती फोडायच्या?"

"हो."

"आग लागेलच असं कुठं आहे?"

तेव्हा मॅडमनी विचारलं, "माझ्या वॉर्डाच्या भिंतीत किती?"

"नऊ."

"ते करा. माझ्या बाया उठून पळू शकत नाहीत. टाके असतात त्यांना."

"आणि पॅसेजचे चौदा?" मी विचारलं.

"ते सवडीनं," डॉक्टर म्हणाले. "पॅसेजमध्ये कोण झोपतंय?"

मी मान हलवली. आज हे लिहिताना मला तीच मान हललेली दिसते. मी म्हणू शकले असते की दोन्ही होणार नसतील तर माझं नाव या कामावर घालू नका. नाही म्हणाले. नऊ तर नऊ, असं मनात म्हणाले. चार दिवस मी आणि खाजाभाईनं वॉर्डाची भिंत उघडली, प्रत्येक बॉक्स सरकवला, उघड्या चौकटी काढून पाठ असलेले बॉक्स घातले, पुट्टी थापली, कडेची केसाएवढी फटसुद्धा भरली. मग रंग. उद्घाटनाला मी नव्या साडीत गेले. पेढा खाल्ला. वर जाऊन वॉर्डाच्या भिंतीवर हळूच हातही फिरवला. पॅसेजमधून जाताना बटणांकडं बघितलं नाही.

सवड काही मिळाली नाही. मला किनवटला मुलींच्या वसतिगृहाचं काम लागलं, मग धर्माबादला. डॉक्टरांचा दोनदा फोन आला, तोही पंख्यासाठी.

पुढचा उन्हाळा आला. त्यावेळचं काय सांगावं? घागरींच्या रांगा सगळ्यांनी बघितल्या आहेत. एका दुपारी नांदेडला माझ्या दुकानात फोन वाजला. राठोड सिस्टर बोलत होत्या, दवाखान्याच्या मुख्य नर्स. मूळच्या किनवटकडच्या, वसतिगृहात राहून शिकलेल्या. त्यांचा आवाज नेहमी कोरा असतो. म्हणाल्या, "ताई, काल बॅटरीच्या खोलीला आग लागली. सगळे जण वाचले. तुम्ही येऊन बघा."

मी खाजाभाईला फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं पोचलो, आणि काय घडलं ते सिस्टरनी आम्हाला त्याच पॅसेजमध्ये उभं राहून सांगितलं.

दुपारी तीनचा सुमार. वॉर्डात सात बाळंतिणी, त्यातल्या दोघी आदल्याच दिवशी सिझेरियन झालेल्या. बॅटरीच्या खोलीत औषधांची रिकामी खोकी कुणीतरी रचून ठेवली होती. बॅटऱ्या तापल्या असाव्यात, नक्की कळलं नाही. त्या खोलीचं लोखंडी दार बाहेर गच्चीकडं उघडणारं, ते बंद. त्यामुळं आग आतल्या आत वाढली. सिस्टरना पहिल्यांदा पॅसेजमध्ये वास आला. बघतात तर भिंतीवरच्या बटणांच्या पट्ट्यांमधून धुराचे धागे. एका पट्टीतून नाही, ओळीनं सगळ्या. बघता बघता पॅसेज काळा झाला.

"मी बायांना जिन्याकडं न्यायला निघाले होते," सिस्टर म्हणाल्या. "दार उघडलं आणि पुढचं काही दिसेना. बाया रडायला लागल्या. एकीचा भाऊ आला होता भेटायला, तो म्हणे खिडकीतून उड्या मारा. वरचा मजला, आणि टाके घातलेल्या बाया. तेवढ्यात गोदामावशीनं दार लावून घेतलं."

गोदामावशी बॅटरीच्या खोलीकडच्या भिंतीपाशी गेली होती. तिनं भिंतीला तळहात लावला आणि बायांकडं तोंड करून उभी राहिली. म्हणाली, "कुनी हलू नका. ही भीत धरती. म्या सोता जाळून बगितलीया. हिला घाम येतो, पन ही धरती."

"तुम्ही तिचं ऐकलंत?" मी विचारलं.

"तिचा हात भिंतीवर होता, ताई," सिस्टर म्हणाल्या. "तो तिनं काढला नाही. मग मी पण लावून बघितला. कोमट होती."

आता धूर आत येऊ नये म्हणून दाराच्या फटीत ओलं कापड कोंबायचं. पण नळाला पाणी नाही, टाकी कोरडी, पिण्याच्या पाण्याचे दोन जग काय ते. सिस्टरनी कपाट उघडलं आणि सलाइनच्या बाटल्या काढल्या. एकामागून एक फोडल्या, चादरी भिजवल्या आणि दाराच्या चारी बाजूंनी खोचल्या. अग्निशामक गाडी फोन केल्याबरोबर निघाली नाही, कारण ती रिकामी होती. गावात भरायला जागा नाही म्हणून कुठल्याशा विहिरीवर जाऊन अर्धी भरून आणली. पाऊण तास लागला.

आणि त्या पाऊण तासात एक बाई वॉर्डात नव्हती. बाळाला पाळण्यात ठेवून पॅसेजच्या टोकाच्या संडासात गेलेली. बाळ रडायला लागलं तेव्हा लक्षात आलं. गोदामावशीनं सलाइननं भिजलेलं फडकं तोंडाला बांधलं, दार वीतभर उघडलं आणि रांगत गेली. त्या बाईला घेऊन रांगतच परत आली. बाईला दोन दिवस खोकला, बाकी काही नाही. गोदामावशीचा आवाज गेला. तिला लातूरला ठेवलं होतं.

सिस्टर खाली गेल्या. मी आणि खाजाभाई बॅटरीच्या खोलीत शिरलो. सगळं काळं. वॉर्डाकडच्या भिंतीची वरची शीट गळून पडली होती. आतली उभी होती, पण बोट लावलं की पिठासारखी झडत होती. तिच्यातलं पाणी केव्हाच उडून गेलं होतं. बॉक्सच्या पाठीवरची पुट्टी फुगून टम्म झाली होती. मी पलीकडं वॉर्डात जाऊन बघितलं. पाळण्यांच्या मागचा रंग जसाच्या तसा. एक डागसुद्धा नाही. खाजाभाई माझ्याशेजारी उभा होता. म्हणाला, "ताई, काम चांगलं झालं." तीस वर्षांत मला कुणी अशा आवाजात हे म्हटलं नव्हतं.

मग आम्ही पॅसेजमध्ये आलो. प्रत्येक बटणाच्या वर भिंतीवर काजळीची जीभ उमटली होती. चौदा जिभा. खाजाभाईनं मोजल्या नाहीत. मी मोजल्या.

आठवड्यानं गोदामावशी घरी आली. मी तिला भेटायला गेले. बाजेवर बसली होती, बोलताना नुसती हवा निघत होती. मी तिला सांगितलं की धूर माझ्या बॉक्समधून आला. वॉर्डाचे नीट केले, पॅसेजचे केले नाहीत. हे मला माहीत होतं आणि तरी राहिले.

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. भट्टीकडं बघत होती तशी. मग खरखरत्या आवाजात विचारलं, "वॉर्डाचं का केलं, आन बोळीचं का न्हाई?"

"मॅडमनी वॉर्डाचं विचारलं म्हणून."

"बोळीतनं दिसभर म्या फिरती. भांडी घिऊन, लेकरं घिऊन." तिनं घोट गिळला. "मला कुनी विचारलं न्हाई."

"नाही."

"विचारलं असतं तर?"

"तर केलं असतं, मावशी."

तिनं मान हलवली. पुढं त्यावर ती कधीही काही बोलली नाही. मीच बोलते, अजून. त्यानंतर कुठल्याही कामावर गेले की नकाशा पाहताना मी आधी विचारते, या भिंतीच्या त्या बाजूनं कोण येतं-जातं? मालकाला हे विचारून चालत नाही, त्याला बहुतेक वेळा माहीत नसतं. झाडूवालीला, आयाला, पाणी भरणाऱ्याला विचारायचं. माझ्या माणसांनाही तेच शिकवलं. पाठीला पाठ लावायची हुशारी मी स्वतःच मोडून काढली.

खाजाभाईनं दोन्ही भिंतींना नव्या गुलाबी शीट लावल्या, आणि पॅसेजचे चौदा बॉक्स मी त्याच महिन्यात केले. डॉक्टरांनी या वेळी सवडीचा शब्द काढला नाही. गोदामावशी कामावर परतली होती. तिला मॅडमनी बसून राहायला सांगितलेलं, म्हणून ती स्टूल घेऊन माझ्याशेजारी येऊन बसायची. प्रत्येक बॉक्स बघायची. एकदा एका ठिकाणी मी पट्टी बसवून स्क्रू आवळला, तर म्हणाली, "ह्यो म्या बगितला न्हाई." मी स्क्रू काढून दाखवला. तिनं आत बोट घालून पुट्टी चाचपली, वास घेतला आणि म्हणाली, "आता लावा."

तिचा आवाज पहिल्यासारखा कधी झाला नाही. अजूनही ती बोलते तेव्हा जवळ जाऊन ऐकावं लागतं. गाव अजून जिल्हा झालेलं नाही. दवाखाना चालतो.

चौदावा बॉक्स झाला त्या दिवशी तिनं उठून भिंतीला तळहात लावला. भिंत गार होती.

"आता ही बी धरंल का?"

"धरेल."

"किती येळ?"

"दोन तास."

तिनं भिंतीवरचा हात काढला. मग म्हणाली, "दोन तासात आगीच्या बंबाला पानी मिळतं का बगा मंग."

खाली टँकरचा हॉर्न वाजला. मी हत्यारं पिशवीत टाकली, तिनं कोपऱ्यातल्या दोन घागरी उचलल्या. एक मी तिच्या हातातून घेतली, आणि आम्ही जिना उतरून रांगेला लागलो.